शेतांची नावे आणि जुनी घरे कशी नोंदवावीत?

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यातील दांडिया बाजारात राहतो, मूळ गाव वसईच्या किनारपट्टीवर आहे. सुटीत तेथील धर्मग्रामातील (एका चर्चच्या कक्षेतील वस्तीतील) आळ्या, शेते, बावखले (गोड्या पाण्याची तळी) आणि जुन्या इमारतींची नोंद करावयाची आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : वयस्कर मंडळींपासून करावी, कारण कागदपत्रे नंतरही मिळतात. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो खरा, परंतु तो रिकामा असला तर गट क्रमांकाखेरीज हाती काही लागत नाही. म्हणून तलाठ्याकडील नकाशाची प्रत घेऊन जाणत्या शेतकऱ्याबरोबर बांधाबांधाने फिरावे आणि त्याने उच्चारलेले नाव, ते सामवेदी बोलीतील असो वा वाडवळी बोलीतील, जसेच्या तसे लिहावे. प्रमाण मराठीत त्याची ‘सुधारणा’ करण्याचा आपला शहरी सोस आवरावा. शक्य असल्यास ध्वनिमुद्रणही करावे. बुजवलेली बावखले आवर्जून नोंदवावीत: पावसाचे गोडे पाणी साठवून वाड्या शिंपणारी ही तळी कोठे होती, हे शेजारच्या विहिरीवरून किंवा जमिनीच्या खोलगटपणावरून अनेकदा उमगते.

इमारतींची लांबी-रुंदी, भिंतींचे साहित्य, छप्पर आणि छायाचित्राची दिशा लिहावी. चर्चच्या दर्शनी भिंतीवरील साल मात्र जपून वाचावे. १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेली, त्यानंतर काही चर्च नव्याने उभारली गेली, त्यामुळे ते साल जीर्णोद्धाराचेही असू शकते. बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही धर्मगुरूंच्या परवानगीनेच पाहावी.