झुरिकहून कोमो सरोवराला गाडीने: सर्वांत सुंदर रस्ता कोणता?
कूर, युलिअर घाट, सिल्वाप्लाना, मालोया, कियावेन्ना असा रस्ता धरा. गोटहार्डच्या दुसऱ्या रस्त्याने वेळ वाचतो, पण त्यातले जवळपास 17 किलोमीटर बोगद्यात जातात आणि सुट्टीच्या शनिवारी तोंडाशी लांबलचक रांग लागते. युलिअर (2,284 मीटर) उतरलात की सिल्वाप्लाना आणि सिल्सची तळी अगदी रस्त्याला लागून. पुढे मालोयाला मात्र रस्ता एकदम खाली कोसळतो, वळणामागून वळण. तिथे दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ते तापून धरेनासे होतात. स्विस मोटरवेचा 40 फ्रँकचा विनेट (टोलपास) भाड्याच्या गाडीवर आहे ना, बघून घ्या. भारतीय लायसन्सवाल्यांनी इटलीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढावा. एकच अडचण: सरोवराकाठचा रस्ता फार अरुंद आहे, म्हणून गाडी छोटीच घ्या.