बायबलमधल्या दावीद राजाला त्याच्या लोकांची शिरगणती करायला कोणी लावले, देवाने की सैतानाने?

बायबलचे ‘२ शमुवेल’ हे पुस्तक (२४:१) म्हणते, परमेश्वराने. तीच घटना सांगणारे ‘१ इतिहास’ हे पुस्तक (२१:१) म्हणते, सैतानाने. दोन्ही अध्याय शेजारी उघडा आणि फरक वेगळे करा, कारण सगळ्यांना एकच किल्ली लागत नाही.

शिरगणतीची शिक्षा म्हणून दावीदापुढे ठेवलेल्या दुष्काळाची वर्षे: शमुवेलाच्या हिब्रू पाठात ७, इतिहासात ३. पण शमुवेलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही ३ आहेत. इथे नकलताना आकडा बदलला असण्याचीच शक्यता जास्त.

दावीदाने वेदीसाठी विकत घेतलेल्या खळ्याची किंमत: शमुवेलात ५० शेकेल (वजनाचे जुने माप) चांदी खळे आणि बैलांची, इतिहासात ६०० शेकेल सोने ‘जागेचे’. पुढे तिथेच मंदिर झाले (२ इतिहास ३:१), म्हणून ६०० मध्ये पूर्ण आवार धरतात. यहुदी परंपरेत आणखी एक तोड आहे: बारा वंशांकडून प्रत्येकी ५०. हिशेब जमतो, पण मजकुरात तसे कुठेच नाही.

मूळ प्रश्न मात्र नकलेचा नाही, धर्मविचाराचा आहे. शमुवेलाचा लेखक बरे-वाईट सगळे थेट देवाच्या हातात ठेवतो. इतिहासकार, म्हणजे ‘इतिहास’ पुस्तकाचा लेखक, यहुदी लोकांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतर, शमुवेलाचीच सामग्री वापरून लिहितो आणि मोहाचे काम सैतानाकडे देतो. बायबलच्याच ‘ईयोब’ पुस्तकात (अध्याय १-२) सैतान देवाच्या परवानगीनेच वागतो. दोन्ही वचने जुळवणारा पारंपरिक समेट त्यावर उभा आहे. तो चालतो, पण इतिहासकाराने वाक्य मुद्दाम बदलले हे त्याने झाकू नये.

नेहमीची चूक म्हणजे दोन्ही वृत्तान्त कालवून तिसराच तयार करणे. आधी प्रत्येक अध्याय त्याच्या पुस्तकात शेवटपर्यंत वाचा: दोन्हीकडे दावीद दोष स्वतःवरच घेतो.