महामार्गाच्या जनसुनावणीवर गावाने बहिष्कार घालावा का? आणि शेजारच्या तालुक्यात सुनावणीविनाच रुंदीकरण कसे झाले?

गावाजवळून नवा राष्ट्रीय महामार्ग जाणार आहे, जनसुनावणीची नोटीस पंचायतीत लागली आहे आणि काही मंडळी बहिष्काराचा आग्रह धरून आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. बहिष्काराचे उत्तर आधी देतो, कारण त्या एका गोष्टीवरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे बोलणे सहा महिने बंद होते. बहिष्कार घालू नका.

ज्या अधिसूचनेखाली ही सुनावणी होते, त्या केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेत सुनावणीसाठी गणसंख्येची अटच नाही. सभागृह रिकामे असले तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. त्याहून गंभीर तरतूद अशी की, स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मते मांडता येणार नाहीत असा अहवाल गेला, तर सुनावणी वगळूनच पुढे जाण्याचा निर्णय घेता येतो. म्हणजे सभा उधळणारा माणूस नकळत प्रकल्पवाल्यांचेच काम हलके करतो.

आमचे वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे मिश्र बागायत, गोव्यातील फोंडा तालुक्यात आहे. वरच्या डोंगरातल्या झरीचे पाणी पाटाने खाली येते आणि त्यावर पोफळी, नारळ, मिरवेली, जायफळाची झाडे उभी आहेत. काही वर्षांपूर्वी एका नव्या राज्य महामार्गाची आखणी नेमकी झर आणि कुळागर यांच्या मधून झाली. पंचायतीत ठेवलेला ईआयए अहवाल मी तीन दुपारी बसून वाचला. मराठी सारांश थोडक्यात आटोपलेला होता, म्हणून इंग्रजी मूळ अहवाल उघडला. जलस्रोतांच्या तक्त्यात आमची झर नव्हती आणि आखणीच्या त्या टप्प्यात बारमाही स्रोत नसल्याचे लिहिले होते. ही झर ऐन मे महिन्यातही वाहते. पाहणी करणारे डांबरी रस्ता सोडून पायवाटेने खाली उतरलेच नसावेत. पावसाळ्याची तर गोष्टच वेगळी. अशा अहवालांसाठी बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूतील माहिती गोळा केली जाते आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे डोंगरउताराचे पाणी ज्या चार महिन्यांत आपली वाट दाखवते, तेच महिने अहवालाबाहेर राहतात. गोव्यातील रस्त्यांच्या बाबतीत हा मला या नियमांतील सर्वांत मोठा दोष वाटतो.

दादाचे म्हणणे होते की सुनावणी हे नाटक आहे. मी अहवालातील चूक दाखवली तेव्हा तो म्हणाला, “ते कागद कोण वाचता?” सुनावणीच्या दिवशी तो आणि गावातील चाळीसेक माणसे घोषणा देऊन पहिल्या दहा मिनिटांत बाहेर पडली. आम्ही सात जण बसून राहिलो. मी सर्व्हे नंबर, झरीचे ठिकाण, पाटाची लांबी आणि त्यावर अवलंबून असलेली घरे लिहून नेली होती. निवेदनाच्या दोन प्रती होत्या. एक दिली आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घेतला. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवले, तेव्हा त्यात “ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली” एवढेच वाक्य होते. मी उठून सर्व्हे नंबर आणि झर हे शब्द त्यात घालण्याची विनंती केली. सुनावणीचा गोषवारा शेवटी तिथेच वाचून स्थानिक भाषेत समजावून सांगणे बंधनकारक असल्यामुळे अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितले आणि कारकुनाने ते लिहून घेतले. घोषणा देणाऱ्यांविषयी नोंद झाली ती “काही ग्रामस्थ सभा सोडून गेले” इतकीच.

रस्ता झाला, हे मी लपवत नाही, आणि दादा आजही तेवढेच बोट दाखवतो. पण पर्यावरण दाखल्यात, म्हणजे कामाआधी घ्याव्या लागणाऱ्या पर्यावरणीय मंजुरीत, झरीचे पाणी वाहते ठेवण्याची अट आली. कंत्राटदाराने रस्त्याखालून पाणी जाण्याची पहिली मोरी ओहोळाच्या तळापेक्षा हातभर उंच बांधली, तेव्हा पाणी रस्त्याच्या वरच्या बाजूला तुंबले. अटीची प्रत हातात असल्यामुळेच आम्हाला तक्रार करता आली आणि दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी ती मोरी फोडून खाली घ्यावी लागली. त्या मोरीतून येणारे पाणी दादाच्या वाट्याच्या पोफळींनाही मिळते. दाखल्यातील अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पवाल्यांना दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मागत राहा.

कागद वाचून काही होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी उत्तर गोव्यातील मोपा विमानतळाचा खटला पाहावा. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाचा पर्यावरण दाखला स्थगित केला, आणि त्यामागचे एक मुख्य कारण म्हणजे सुरुवातीच्या अर्जात आसपासच्या वनांसारखी महत्त्वाची माहिती उघड केलेली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ उभा राहिला, हेही खरे. परंतु न्यायालयाला फेरविचार करायला लावला तो अर्जातल्या रिकाम्या जागांनी.

आता रुंदीकरणाविषयी. २०१३ च्या दुरुस्तीनुसार अस्तित्वात असलेल्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला दाखला लागतो तो लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि जादा जमीन जुन्या मार्गावर ४० मीटरहून, तर वळवलेल्या मार्गावर किंवा बगलमार्गावर ६० मीटरहून अधिक लागत असेल तरच. आपले राज्य उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर आहे. ही मर्यादा ठरवताना गोव्यासारख्या राज्याचा विचारच झालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातच मोठ्या कामाचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा मर्यादेखाली जातो; उत्तराखंडातील चारधाम मार्गाच्या सुमारे ९०० किलोमीटरच्या कामाबाबत हाच आक्षेप होता. रेल्वेमार्ग तर या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. कर्नाटकातील कॅसलरॉक ते गोव्यातील कुळे या रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण अडले ते वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केल्यामुळे. म्हणून तुमच्या आखणीत वनजमीन, अभयारण्य किंवा किनारी नियमन क्षेत्र येते का, हे स्वतंत्रपणे पाहा. त्या परवानग्या वेगळ्या असतात.

मी वकील नाही आणि तुमची नोटीस मी पाहिलेली नाही. जमिनीच्या मोबदल्याचा विषय वेगळ्या कायद्याखाली येतो. सुनावणीत तो जरूर नोंदवा, पण सारा वेळ त्यात घालवू नका. नोटीस आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस असायला हवेत, ते मोजा. दाखला मिळालाच, तर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करण्यास ३० दिवस असतात आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळते. आपल्यासाठी लवादाचे खंडपीठ पुण्यात आहे. तिथे जाताना शिक्का मारलेली ती दुसरी प्रत लागेल.