जुन्या मारुती ८०० मधले आधीच्या मालकाचे जुगाड काढावेत की चालतंय तोवर राहू द्यावेत?

तुमची गाडी १९९७ ची, रेडिएटरच्या पंख्याला डॅशबोर्डखाली वेगळं बटण, फ्यूजच्या जागी तांब्याची तार, आणि तरी गाडी चालते. वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच बटण आणि हीच तार माझ्या १९९६ च्या ८०० मध्ये होती.

तार आज काढा, रविवारची वाट बघू नका. वायर जळण्याआधी फ्यूज वितळावा म्हणून तर तो बसवलेला असतो. तिथं तार टाकली की वितळायचं काम वायरिंगकडे जातं. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढ्याचाच फ्यूज घाला: लाल १०, निळा १५, पिवळा २०. नवा फ्यूज पुन्हा उडाला तर त्याहून मोठा घालू नका, का उडतोय ते शोधा. बटणाला मात्र लगेच हात लावू नका. मी लावला होता.

२०११ साली इचलकरंजीच्या एका गृहस्थांकडून गाडी घेतली. घरी आणून बॉनेट उघडलं आणि डोकंच फिरलं. पंखा डायरेक्ट, म्हणजे थेट बटणावर, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकलेला, होजवर, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्यांवर, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळलेल्या. आमचे दाजी शेजारी उभे होते. म्हणाले, "पाव्हणं, चालतंय की ते. कशाला उसाभर?" मी ऐकलं नाही. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करून निवृत्त झाले, अर्ध्या सुताचा फरक ते चालू द्यायचे नाहीत. अशा घरात असली गाडी मला सहन होईना. एका रविवारी बटण काढलं, नवा थर्मो स्विच (पाणी तापलं की पंखा आपोआप चालू करणारा) लावला, नवा थर्मोस्टॅट घातला, होज बदलले, फ्यूज नवे. सगळं कंपनीनं दिलं होतं तसं.

मे महिन्यात वैभववाडीहून परत येत होतो. गाडीत आई, ताई, दाजी, मागे आंब्याच्या दोन पेट्या. करूळ घाट चढायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणानंतर काटा वर सरकायला लागला. हात सवयीनं डॅशबोर्डखाली गेला, तिथं बटणाचं नुसतं भोक होतं. पंखा फिरत होता, तरी काटा थांबेना. गगनबावडा जवळ आलंय, पोचू, असं म्हणत मी अजून थोडं रेटलं, आणि माझी खरी चूक ती. वाफ आली तेव्हा थांबलो. आई त्या उन्हात दोन तास कठड्यावर बसली होती, ते मी विसरलेलो नाही. दाजी एवढंच म्हणाले, "सांगितलं होतं काढू नको."

इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, ते वाकलं. गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी जाऊन त्याचा दुधाचा चहा झाला. हेडचं फेसिंग, म्हणजे वाकलेला पृष्ठभाग सपाट करणं, उद्यमनगरातच करून घेतलं. तिथल्या मेस्त्रींनी रेडिएटरही उतरवायला लावला. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर, डाख सोडवून वरची टाकी काढली आणि आतून पिवळा चिखल निघाला. हळद! नळ्या निम्म्याच्या वर बुजलेल्या.

मग इचलकरंजीला जाऊन त्या गृहस्थांना विचारलं. काही न लपवता त्यांनी सगळं सांगितलं. रेडिएटर गळायला लागला, म्हणून कुणीतरी हळद टाकायला सांगितली. गळती थांबली, पण नळ्या बुजल्या. गाडी तापायला लागली म्हणून थर्मोस्टॅट काढला, म्हणजे पाणी सतत फिरत राहील. तरीही ट्रॅफिकमध्ये तापायची, म्हणून पंखा डायरेक्ट केला. तो तासन् तास फिरून त्याचे बुश गेले, करंट जास्त ओढायला लागला, फ्यूज उडायला लागले. म्हणून तार. चार जुगाड, आणि बिघाड मुळात एकच: डाख लावून बंद झाली असती अशी गळती.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: जुगाड वरून काढत येऊ नका. तळाला काय आहे ते आधी बघा. तुमचं बटण आणि तार एकाच पंख्याची असतील, तर रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, त्यानंतरच थर्मो स्विच. थर्मोस्टॅट जागेवर आहे का तेही पाहा. असला तर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, ८०-८५ अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. आणि जुन्या मालकाला फोन करा. भांडायला नको, विचारायला. हे मी गाडी घेतली त्याच दिवशी केलं असतं, तर आई घाटात बसली नसती.

दाजी आजही प्रत्येक लग्नकार्यात म्हणतात की चालती गाडी उकलायची नसते. मला हे मुळीच मान्य नाही. कोल्हापूर-इचलकरंजी सपाट रस्ता, त्यात चढ नाही, म्हणून बुजलेल्या नळ्या लपून राहिल्या होत्या. बटण ठेवलं असतं तरी त्याच रेडिएटरवर, चार माणसांचं ओझं घेऊन, त्याच घाटात ती कधीतरी बसलीच असती. मी काढलं हे बरोबर होतं, रेडिएटर न उघडता थांबलो हे चूक. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि दाजी चौदा वर्षं त्यांचा एकच करतात.

हे सगळं कूलिंगपुरतं. ब्रेकच्या पाइपला किंवा पेट्रोलच्या टाकीला असलं काही केलेलं दिसलं (टाकीच्या भोकाला साबण लावलेल्या गाड्या मी पाहिल्यात) तर कारण शोधत बसू नका, गाडी तिथंच उभी करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. शिवाय १९९७ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आलं, आरसीवरची तारीख बघून ठेवा.

रेडिएटरची टाकी उघडलीत की आतून कुठल्या रंगाचं निघालं तेवढं कळवा. पिवळं असेल तर दाजींना दाखवायचं आहे.