नैरोबीत कुठे खायचं? आधी पार्कलँड्सच्या बाहेर पडा

नैरोबीच्या किलिमानी भागात फ्लॅट घेतलाय, दोन वर्षं राहायचंय, बायको शाकाहारी, तुम्ही सगळं खाता, आणि "चांगल्या रेस्टॉरंटची लिस्ट द्या" असं विचारलंय तुम्ही. हसू आलं वाचून, कारण अकरा वर्षांपूर्वी मीपण हेच विचारलं होतं आणि मला जी लिस्ट मिळाली त्यात झाडून सगळी पनीर बटर मसालावाली हॉटेलं होती. पहिले सहा महिने मी वेस्टलँड्स-पार्कलँड्स या आपल्या भारतीय वस्तीच्या बाहेर जेवलोच नाही. वाया गेले ते महिने, स्पष्टच सांगतो.

आता पार्कलँड्सला जाऊच नका असं नाही. तिथल्या डायमंड प्लाझा या खाण्याच्या स्टॉलवाल्या बाजारात एकदा जाच. टेबलाला बूड टेकायच्या आत चार-पाच स्टॉलचे वेटर मेन्यू घेऊन अंगावर येतात, पंढरपूरला बडवे यायचे तसे, घाबरू नका, एकाचा मेन्यू धरा, बाकीचे आपोआप पांगतात. तिथे पावभाजी मागवू नका, ती पुण्यात मिळते. मारू भजिया मागवा. बटाट्याच्या पातळ कापांना बेसन आणि भरपूर कोथिंबीर चिकटलेली, आपल्या भज्यासारखं जाड आवरण नाही, सोबत टोमॅटोची आंबटगोड चटणी. आणि मसाला चिप्स, आणि मोगो, म्हणजे कसावा तळून. हे सगळं इथल्या आपल्या लोकांनी इथेच जन्माला घातलेलं खाणं आहे. १८९६ ला रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून मजूर आणले, १८९९ ला रेल्वेचा डेपो पडला तिथे हे शहर उभं राहिलं, मागोमाग दुकानदार आले. म्हणून तर स्वाहिलीत दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात.

पण खरी मजा दुपारच्या जेवणात आहे. ऑफिसच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड असते, तिला किबांडा म्हणतात, एक 'मामा' (इथे बाईमाणसाला मामा म्हणतात) मोठ्या पातेल्यांतून वाढत असते आणि बाकांवर वॉचमन, बोडावाले म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, बँकेतली टायवाली पोरं सगळे दाटीवाटीने. तिथे 'न्देंगू' मागा. न्देंगू म्हणजे मूग हो! कांदा-टोमॅटोवर शिजवलेली मुगाची उसळच ती, फक्त मोड नाहीत आणि तिखट नाही. सोबत चपाती, पण ती आपली पोळी नव्हे, मैद्याची, पदर सुटलेली, तेलकट जाड. इथे घरी ती सणाला नाहीतर पाहुणे आले की करतात, त्यामुळे 'तुम्ही रोज खाता?' असं विचारतील, त्यांच्या दृष्टीने आपण रोज पुरणपोळी खाणारे लोक. शिवाय महारागवे म्हणजे राजमा, गिथेरी म्हणजे मका आणि राजमा एकत्र उकडलेला, सुकुमा विकी ही कोबीच्या जातीची हिरवी पालेभाजी. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, मात्र पहिल्यांदा आवडणार नाही, मोदकाची उकड अळणी आणि दगडासारखी घट्ट केली तर कशी लागेल तशी. गोळा करून अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची, काटाचमचा मागू नका. बॅगेत ठेच्याची बाटली ठेवा, मी अजून ठेवतो.

बायकोसाठी एक महत्त्वाचं. माझा एक शाकाहारी मित्र आला होता, मी रुबाबात स्वाहिली झाडली, 'न्यामा' म्हणजे मांस नको म्हणून, आणि समोर आली चिकन करी. इथे कुकू म्हणजे कोंबडी ही अनेकांच्या लेखी मांसात धरतच नाहीत! चूक माझीच. तेव्हा पूर्ण वाक्य पाठ करून टाका: 'सिली न्यामा, कुकू, वाला समाकी', मटण-चिकन-मासे काहीच खात नाही. आणि सुकुमा घेताना नीट विचारा, कधीकधी त्यात बीफचे तुकडे असतात.

शाकाहारी माणसाला या शहरात सगळ्यात सुखाची जागा कुठली, तर इथिओपियन हॉटेलं. किलिमानी भागातच आहेत, त्यातलं हबेशा तुम्हाला जवळ पडेल. 'फास्टिंग' प्लॅटर सांगायची. त्यांच्या चर्चमध्ये बुधवार-शुक्रवार उपास असतो आणि उपासाला मांसच काय, दूध-तूपही चालत नाही, त्यामुळे तो प्रकार चोख शाकाहारी. मोठ्या परातीत इंजेरा पसरलेला, आंबवलेला, जाळीदार, थेट आपल्या आंबोळीचा मोठा भाऊ, आणि त्यावर मसूर, कोबी, बीट यांचे ढीग. त्यात शिरो असतं. ते एकदा तोंडात घातलं की बायको म्हणेल, अगं बाई, हे तर पिठलं! (माझी तर तिथे डोळ्यांत पाणी आणून बसली होती, गरोदर होती तेव्हा.)

तुमच्यासाठी न्यामा चोमा, म्हणजे कोळशावर भाजलेलं मटण. मॉलमध्ये प्लेट मागवू नका, केन्याटा मार्केटला जा. एका बाजूला पोरी केसांच्या वेण्या घालायला हाका मारतायत, दुसऱ्या बाजूला मटणाची दुकानं. लटकवलेल्या बकऱ्यावर शाईचा सरकारी शिक्का असतो, आपण बोट दाखवायचं, मांडी की बरगडी, किलोवर तोलून घ्यायचं आणि मग तासभर निवांत बसायचं, कारण ते आत्ता कोळशावर गेलंय. घाई करणारा कच्चं खातो. मग माणूस जगमधून कोमट पाणी हातावर ओततो, लाकडी फळी टेबलावर ठेवतो, तुमच्यासमोर सुऱ्याने खटाखट तुकडे करतो, कोपऱ्यात मिठाची ढिगली, बाजूला काचुंबारी, म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. मसाला शून्य. पहिल्या घासाला वाटतं हे काय, तिसऱ्याला कळतं. रविवारी जा, पण भूक लागायच्या आधी निघा.

मासे हवे असतील तर लुओ जमातीच्या लोकांच्या हातचा तळलेला अख्खा तिलापिया मासा, मामा ओलिएच या हॉटेलात, २०१६ ला झुकरबर्ग येऊन खाऊन गेला तेव्हापासून जरा भाव खातात पण मासा चांगला. ईस्टलीला सोमाली भात मिळतो, त्यासोबत केळं देतात, ते भाताबरोबरच खायचं, गोड म्हणून शेवटाला ठेवू नका. पहिल्यांदा कुणी माहितगार घेऊन जा. कार्निव्होर हे प्रसिद्ध मांसाहारी हॉटेल? भारतातून पाहुणे आले की न्या. १९८० पासूनचं आहे, मगर-शहामृग मिळतं, टेबलावरचा झेंडा पाडेपर्यंत वाढत राहतात. लहान मुलांना आवडतं. मी आपणहून जात नाही.

बाकी किरकोळ. पहिल्या आठवड्यात पासपोर्ट दाखवून सिम आणि एम-पेसा (मोबाइलवरून पैसे द्यायची सोय) घ्या, किबांड्यात कार्ड चालत नाही, भिंतीवर टिल नंबर, म्हणजे पैसे पाठवायचा दुकानाचा नंबर, लिहिलेला असतो. नंबर दोनदा वाचा, मी एकदा एक आकडा चुकून कुठल्यातरी सलूनला जेवणाचे पैसे दिलेत. बिअर मागितली की 'बारिदी की मोतो' विचारतील, गार की साधी, चेष्टा नाही, अर्धे लोक साधीच पितात. चहा नुसता 'टी' म्हणून मागू नका, 'चाय या माझिवा' म्हणा, मग दूध घालून उकळलेला येतो. आणि जुलैत येत असाल तर स्वेटर काढून ठेवा, संध्याकाळी बाहेरच्या टेबलावर दात वाजतात.