मागच्या ॲक्सलचं सील पुन्हा पुन्हा का गळतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचे सगळे प्रश्न पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या ऑइल सीलबद्दल आहेत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो. मागच्या डाव्या चाकाचं सील चार महिन्यांत दोनदा बदललं, तरी ब्रेकचा ड्रम पुन्हा ओला. मेकॅनिक म्हणतो, सीलच डुप्लिकेट निघालं. असं असू शकतं का?

असू शकतं, डुप्लिकेट सीलं बाजारात भरपूर आहेत. पण त्याच चाकाची लागोपाठ दोन सीलं गेली की आधी ब्रीदर बघायचा. ॲक्सलच्या हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, वरच्या अंगाला टोपीसारखा छोटा नग असतो, तोच ब्रीदर; काही गाड्यांत त्याला नळी जोडून ती चेसिसपर्यंत वर नेलेली असते. भरल्या गाडीत घाट चढताना क्राऊनमधलं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरांचं, ऑइल तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. चिखल आणि धूळ बसून ब्रीदर बंद झाला की ती हवा सीलची लिप, म्हणजे शाफ्टला टेकलेली रबरी कड, उचलून वाट काढते आणि सोबत ऑइल घेऊन येते. अशा गाडीला कितीही चांगलं सील घाला, ते गळणारच.

तपासणी सोपी आहे. गाडी चालवून आली की सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा आणि हाउसिंगचा लेव्हल प्लग सावकाश सैल करा. हातमोजे घाला, ऑइल गरम असतं. प्लग सुटताना ‘फुस्स’ आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. तो काढून डिझेलमध्ये धुवा आणि हवा मारा. टोपी हलत नसेल तर नवाच बसवा, त्याची किंमत सीलच्या मजुरीपुढे काहीच नाही.

त्याच वेळी ऑइलची लेव्हलही बघून घ्या. गाडी सपाट उभी असताना ऑइल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. उतारावर किंवा एका बाजूने जॅक लावून ऑइल भरलं की ते हमखास जास्त होतं, आणि जास्तीचं ऑइल ॲक्सलच्या नळीतून सीलवर जाऊन बसतं. गळती फक्त डावीकडे असण्यामागे आणखी एक कारण असतं. रस्त्याच्या कडेला उभी केलेली गाडी बहुधा डावीकडे कललेली असते, त्यामुळे रात्रभर ऑइल त्याच सीलवर टेकून राहतं.

हे दोन्ही ठीक असेल तर बेअरिंग तपासा. चाक उचलून वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. वर-खाली खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं आहे. शाफ्ट मध्यावर फिरत नसेल तर लिप एका बाजूने दबते आणि दुसऱ्या बाजूने उघडी पडते. टायर आतल्या कडेने जास्त झिजत असेल तर ओव्हरलोडने हाउसिंग वाकलेलं असण्याची शक्यता आहे. ते सरळ असल्याची खात्री होईपर्यंत तिसऱ्या सीलवर पैसे घालू नका.

आणि माळशेज उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापतो, ती उष्णता शाफ्टमधून सीलपर्यंत जाते आणि रबर कडक होतं. काढलेलं सील बोटाने दाबून बघा. लिप कडकडीत असेल, तिला चिरा असतील तर ते उष्णतेने गेलं आहे. लिप मऊच असेल तर कारण दुसरीकडे आहे.

चाकाच्या आतून ओलं दिसतंय, पण ते गिअर ऑइल आहे की ब्रेक ऑइल, हे ड्रम न काढता कळेल का?

बरंचसं कळतं. गिअर ऑइल घट्ट, काळपट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्याने धुतलं जातं आणि रंगावर पडलं तर रंग सोलून काढतं. ब्रेक ऑइलच्या बाटलीतली लेव्हल उतरत असेल तर दोष व्हील सिलिंडरचा. लेव्हल जागेवर असून ड्रमखाली काळा चिकट थर असेल तर ॲक्सल सील. काही वेळा दोन्ही गळत असतात, म्हणून ड्रम काढल्यावर सिलिंडरचं रबर बूट उचलून आत एकदा बघाच. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ड्रम ओला असताना माल भरून घाटात जाऊ नका. एका चाकाचा ब्रेक धरतो आणि दुसऱ्याचा घसरतो, गाडी ब्रेकवर आडवी होते.

माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, बेअरिंग दाबायचा प्रेसही आहे. सील बदलण्याचा क्रम आणि काळजी सांगाल का?

आधी ॲक्सल कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा. चाकाच्या मध्यातून हब बाहेर आलेला असेल आणि त्यावर बोल्टांचं वर्तुळ असेल तर तो फुल फ्लोटिंग. तसं नसेल आणि चाकाचे स्टड थेट शाफ्टच्या फ्लँजवर असतील तर सेमी फ्लोटिंग. खालची माहिती सेमी फ्लोटिंगची आहे. यात चाक शाफ्टनेच धरलेलं असतं. बेअरिंगला अडवून धरणारी रिंग, म्हणजे कॉलर, सरकली तर शाफ्टसकट चाक बाहेर येतं, त्यामुळे या कामात चालढकल चालणार नाही.

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, मागे जॅक लावून हाउसिंगखाली दोन्ही बाजूंना घोड्या (स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. ऑइल काढून टाका. ड्रम उतरवा, एबीएसचा सेन्सर असेल तर तो आधी बाहेर घ्या. मग शाफ्टच्या फ्लँजमधल्या भोकातून किंवा बॅकप्लेटच्या (ब्रेक ज्यावर बसतो त्या पत्र्याच्या) मागून, बेअरिंग धरणाऱ्या रिटेनर प्लेटचे चार नट सोडा. बॅकप्लेटही शाफ्टसोबत येणार असेल तर ब्रेक पाइप आणि हँडब्रेकची केबल मोकळी करा, पाइपवर ताण आला की तो मुरगळतो.

शाफ्ट स्लाइड हॅमरने ओढा. तो नसेल तर ड्रम उलटा करून स्टडवर ठेवा, नट दोन-चार आटे लावा आणि ड्रम बाहेरच्या बाजूला झटका देऊन ओढा. शाफ्ट सुटला की खालून हाताचा आधार देत सरळ काढा.

सील कुठे आहे ते गाडीगणिक बदलतं. हाउसिंगच्या तोंडात असेल तर बेअरिंगला हात न लावता पुलरने निघतं. बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला असेल तर बेअरिंग काढावंच लागतं. तेव्हा कॉलरला ड्रिलने भोक पाडा, पण आरपार नको, शाफ्टला बिट लागता कामा नये. मग त्या जागी छिन्नीचा एक जोरदार घाव घाला, कॉलर तडकून सैल होते. गॅसने तापवून काढू नका, शाफ्टचं टेंपर (पोलादाची ताकद) जातं.

नवं सील घेताना जुन्यावर छापलेले तीन आकडे जुळवा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. काही सीलांच्या लिपवर तिरप्या रेघा आणि बाजूला बाण असतो. अशी सीलं डाव्या-उजव्या चाकाला वेगळी असतात, बाण चाक पुढे फिरण्याच्या दिशेने हवा.

जुनं सील काढण्याआधी ते किती आत बसलं होतं ते मोजा. बोअर, म्हणजे सील बसायची जागा, स्वच्छ पुसा, ओरखडे एमरी पेपरने घासा. स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे, म्हणजे मधल्या डिफरन्शियलच्या गिअरांकडे ठेवा. लिपला गिअर ऑइल लावा, कोरडं सील पहिल्या काही किलोमीटरांतच जळतं. बाहेरच्या धातूच्या कडेला सीलंटचा पातळ हात पुरे, लिपवर त्याचा थेंबही नको. बाहेरच्या व्यासाएवढी सपाट चकती किंवा पाइपचा तुकडा टेकवून हातोडीने सगळीकडून सारखं ठोकत बसवा. एका कडेवर ठोकत गेलात की सील तिरकं बसतं.

बेअरिंग दाबताना जोर आतल्या रिंगवरच द्या. त्याआधी रिटेनर प्लेट आणि बाहेरचं सील शाफ्टवर चढवलं आहे ना, हे बघा. हे विसरलं की बसवलेलं बेअरिंग पुन्हा तोडावं लागतं. बेअरिंग बसल्यावर कॉलर वेगळी दाबा, दोन्ही एकदम नको. कॉलर दर वेळी नवीच. ती प्रेसवर फारशा जोराशिवाय सरकत बसली तर शाफ्टची जागा झिजली आहे, तो शाफ्ट वापरू नका.

शाफ्ट आत घालताना त्याचे दाते लिपवर घासू देऊ नका. नव्या सीलांपैकी कितीतरी इथेच चिरतात. मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरा, बहुतेक ठिकाणी ते जीएल-5 दर्जाचं ईपी 90 किंवा 80डब्ल्यू-90 असतं. ब्रेक पाइप सोडला असेल तर हवा काढा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

शाफ्टवर सील फिरतं तिथे खाच पडली आहे. लेथवाला वेल्डिंग भरून टर्निंग करून देतो म्हणतो. करू का?

करू नका. ॲक्सल शाफ्टचा वरचा थर उष्णता देऊन कडक केलेला असतो. वेल्डिंगने तो थर त्या जागी बिघडतो आणि शाफ्ट तिथेच तुटतो, तोही बहुधा भरल्या गाडीत. नखाला जेमतेम लागणारी खाच असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून लिप कोऱ्या जागेवर आणता येते, फक्त सील बेअरिंगला टेकत नाही ना ते पाहा. त्याहून खोल असेल तर रिपेअर स्लीव्ह मिळते. ती स्टीलची, साधारण पाव मिलिमीटर जाडीची असल्यामुळे सील त्याच मापाचं चालतं. काही गाड्यांत लिप कॉलरवर फिरते, तिथे कॉलर बदलली की खाचही गेली.

सीलची स्प्रिंग कापून लहान करण्याचा उपायही काही जण सुचवतात. त्याने लिप जास्त घट्ट होते, तापते आणि खाच आणखी खोल करते.

सील बदललं, पण ब्रेक शूचे लायनर ऑइलने भिजले होते. पेट्रोलने धुऊन, जाळून वापरले तर चालतील?

नाही. ऑइल लायनरच्या आतपर्यंत मुरतं. वरून कोरडा दिसणारा लायनर ड्रम तापला की पुन्हा ऑइल सोडतो. शिवाय पेट्रोल आणि आग यांनी लायनरचा चिकटाही सुटतो. नवे शू घ्या आणि दोन्ही चाकांना एकदम लावा, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो. ड्रम मात्र ब्रेक क्लीनरने धुऊन वापरता येतो. शूची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

मी ह्यूस्टनला असतो. माझ्या जुन्या अमेरिकन पिकअपला बॅकप्लेटवर रिटेनरचे नट दिसतच नाहीत. शाफ्ट कसा निघतो?

तुमच्या ॲक्सलमध्ये सी-क्लिप आहे, म्हणजे शाफ्ट आतल्या टोकाला क्लिपने अडकवलेला आहे. फोर्डचा 8.8 इंची आणि जनरल मोटर्सचा 8.5 इंची, दहा बोल्टांचा ॲक्सल याच रचनेचे. डिफरन्शियलचं कव्हर उघडा, क्रॉस पिनचा लॉक बोल्ट काढा, पिन बाहेर घ्या. शाफ्ट चाकाकडून आत ढकलला की टोकावरची सी-क्लिप सुटते आणि शाफ्ट बाहेर ओढता येतो. दोन्ही शाफ्ट बाहेर असताना क्राऊन फिरवू नका, आतले छोटे गिअर जागेवरून सरकतात.

इथे बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवर फिरतात. त्या पट्ट्यावर खड्डे पडले असतील तर नुसतं सील टिकणार नाही. शाफ्ट बदला, किंवा रोलर न झिजलेल्या जागी फिरतील असं रिपेअर बेअरिंग मिळतं ते बसवा, त्यात सीलही जोडूनच येतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक रिकामं फिरू न देणारं) असेल तर नव्या ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घाला. मॉडिफायर नसेल तर वळणावर मागून कटकट आवाज येतो.