दुहेरी काचेच्या आतला लेप आणि नाकारलेली वॉरंटी

घराच्या खिडक्यांना बसवलेल्या लो-ई लेपाच्या (उष्णता परावर्तित करणाऱ्या अतिपातळ थराच्या) दुहेरी काचांवर कडेने तपकिरी डाग पसरू लागले, पुरवठादाराने ‘चुकीच्या साफसफाईने लेप खराब झाला’ असे लेखी कळवून वॉरंटी नाकारली, आणि काचेवर उडालेला रंग एकदा ब्लेडने खरवडल्याचे आपण स्वतःच त्यांना व्हॉट्सॲपवर कळवले असल्याने आता दावा टिकेल का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते या वादाचा निकाल लेप काचेच्या नेमक्या कोणत्या बाजूला आहे यावर लागेल. चांदीचे अतिसूक्ष्म थर असलेला ‘सॉफ्ट कोट’ ओलाव्याने गंजतो, म्हणून तो दोन काचांमधल्या सीलबंद पोकळीच्या आत ठेवलेला असतो. तिथे आपले ब्लेड पोहोचूच शकत नाही. कडेपासून आत सरकणारे डाग असतील, तर सील निकामी होऊन ओलावा शिरला, किंवा जोडणीपूर्वी कडेचा लेप घासून काढण्याचे काम कारखान्यात नीट झाले नाही, असा संशय घेण्यास जागा आहे. खोलीकडच्या उघड्या बाजूला ‘हार्ड कोट’ (काच बनतानाच तिच्यावर बसवलेला टिकाऊ लेप) किंवा नंतर चिकटवलेली फिल्म असेल, तर मात्र आपली कबुली अडचणीची ठरेल. काचेजवळ मेणबत्ती धरली असता दिसणाऱ्या चार प्रतिबिंबांपैकी एकाचा रंग वेगळा असतो, त्यावरून लेपाच्या बाजूचा अंदाज येतो; पण तो केवळ अंदाज आहे, पुरावा नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील उत्पादन दायित्वाच्या (सदोष मालाने झालेल्या हानीच्या भरपाईच्या) प्रकरणाचा आधार घेण्याचा मोह टाळावा, कारण तेथील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे नुकसान वगळलेले आहे. आपली तक्रार सदोष माल आणि, काचा त्यांनीच बसवल्या असतील तर, सेवेतील त्रुटी यांवर उभी करावी. दुसरी बाजू असा बचाव नक्की घेईल की चौकटीतील पाणी निचऱ्याची छिद्रे बुजल्याने काचेच्या कडेला पाणी साचले व सील गेले. तेव्हा त्या छिद्रांचे आजच्या स्थितीतले छायाचित्र काढून ठेवावे, आणि देखभालीच्या सूचना आपल्याला खरेदीच्या वेळी लेखी मिळाल्या होत्या का, हे बिलासोबतची कागदपत्रे काढून तपासावे.

‘तपासणीसाठी’ काच काढून त्यांच्या ताब्यात देऊ नये, कारण ती परत येईल तेव्हा काय सिद्ध करायचे, हाच प्रश्न उरेल. पाहणी जागेवरच, आपल्या उपस्थितीत आणि लेखी नोंदीसह व्हावी. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला याच कायद्याच्या कलम 38 खाली आहे, आणि तक्रारीसोबतच तसा अर्ज करावा.

ब्लेडचा तो संदेश पुसून टाकू नये. त्यांच्याकडे तो आहेच. उलट नोटिशीत आपणच तो मान्य करून, खरवडलेली जागा व डागांची जागा वेगवेगळी असल्याचे, तसे असल्यास, स्पष्ट लिहावे. दाव्याचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार दाखल करावी लागते, आणि ती मुदत नकाराच्या पत्रापासून न मोजता डाग प्रथम दिसले त्या दिवसापासून मोजणे सुरक्षित.